मुस्तफाचा मूळ बोर्ड हाती आलाय. रॉम वाचून काढायच्या, पण वाटायच्या का?

टोकन_रुपया (धागाकर्ता)

नाशिकरोडचं एक गेम पार्लर बंद पडून बरीच वर्षं झाली. मालक आता गोदाम रिकामं करतायत. कॅबिनेटच्या प्लायला वाळवी लागलीय, पिक्चर ट्यूब गेल्यात, पण आतले बोर्ड शाबूत होते आणि भंगारवाला ते किलोवर उचलणार होता. मालकांशी बोलून तीन बोर्ड मी विकत घेतले आणि साध्या कागदावर का होईना, पावती करून घेतली. एक मुस्तफाचा, म्हणजे कॅपकॉमचा १९९३चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. दुसरा स्ट्रीट फायटरचा. तिसरा कसला आहे ते अजून लावून पाहिलेलं नाही.

फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकले आणि लगेच मागणी सुरू झाली: ‘रॉम काढ आणि ड्राइव्हची लिंक टाक.’ त्यासाठीच हा धागा काढतोय. माझं मत आधीच सांगतो. रॉम वाचून काढायच्या, जपून ठेवायच्या, पण लिंक टाकायची नाही.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बोर्डावर ६८००० नावाचा मुख्य प्रोसेसर असतो, आवाजासाठी झेड-८० असतो, आणि रॉम चिपमध्ये प्रत्यक्ष खेळ असतो: प्रोग्रॅम, चित्रं, आवाज सगळं. एम्युलेटर त्या प्रोसेसरांची आणि भोवतालच्या चिपांची हुबेहूब नक्कल करतो. त्याच्यात एकही खेळ नसतो. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने फेब्रुवारी १९९७ मध्ये मेम हा आर्केड खेळांचा एम्युलेटर पहिल्यांदा लोकांसमोर आणला. २०१६ पासून तो पूर्णपणे मुक्त स्रोत आहे. तो उतरवून घेण्यात, वापरण्यात, मित्राला देण्यात काहीच गैर नाही. अडचण रॉमच्या फायलींची आहे, कारण त्यांचा मालक अजून हयात आहे आणि धंदाही करतोय.

तरीही रॉम वाचून काढायच्या, कारण या चिपा कायम टिकणाऱ्या नाहीत. ईप्रॉमच्या, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणाऱ्या रॉम चिपच्या, माथ्यावर काचेची खिडकी असते, तिच्यातून अतिनील किरण गेले की आतलं सगळं पुसलं जातं. म्हणून तिच्यावर स्टिकर लावतात. नाशिकच्या पार्लरमधल्या दमट गोदामात ते स्टिकर सुटून पडलेले असतात आणि वर्षानुवर्षं तसाच उजेड लागत राहतो. कॅपकॉमच्या पुढच्या पिढीच्या सीपीएस-२ बोर्डांची गत आणखी वाईट. खेळ कुलूपबंद, कुलपाची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या मेमरीत, बॅटरी संपली की बोर्ड मेला. २००७ मध्ये साल्मोरिया आणि अँड्रेआस नाईव्ह यांनी ते कुलूप पूर्णपणे उलगडलं.

वकील मंडळी आणि सोल्डरिंगवाले, दोघांची मदत हवी आहे.

---

सिडको_फायटर

दादा, बोर्डांबद्दल अभिनंदन. पण लिंकबद्दल मी अजिबात सहमत नाही.

मुस्तफा आज कुठे विकत मिळतो ते सांगा. कॅपकॉमने २०१८ मध्ये जुन्या मारामारीच्या खेळांचा संच काढला, त्यात फायनल फाइट आहे, कॅप्टन कमांडो आहे, नाइट्स ऑफ द राउंड आहे. मुस्तफा नाही. कारण तो एका कॉमिकवर बेतलेला होता, त्याचे हक्क वेगळ्या माणसाकडे. म्हणजे कंपनी विकत नाही, विकण्याची चिन्हं नाहीत, आणि आम्ही पैसे द्यायला तयार असून घेणारा कुणी नाही. मग फाइल वाटली तर कुणाच्या खिशातून काय गेलं?

आमच्या पिढीला सिडकोत सुट्टीच्या दिवशी दुसरं होतं काय? एका रुपयात एक चान्स, मागे पाचजण रांगेत, आणि मुस्तफाला घेऊन दुसऱ्या स्टेजपर्यंत पोचलेला पोरगा म्हणजे हिरो. ते सगळं एका कंपनीच्या कपाटात कुलूप लावून ठेवायचं? हा आपलाही ठेवा आहे.

---

गंगापूररोड_वकील

सिडकोभाऊ, भावना पटते. कायदा काय म्हणतो ते आधी मांडतो, मग वाद घालू.

भारतात संगणक प्रोग्रॅम हा कॉपीराइट कायदा, १९५७ च्या व्याख्येनुसार साहित्यकृतीत मोडतो. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं संरक्षण. परदेशी कंपनीची कृती म्हणून ती इथे उघड्यावर पडलेली नाही, आंतरराष्ट्रीय कॉपीराइट आदेश, १९९९ मुळे तिला इथल्या कृतीसारखंच संरक्षण आहे. अमेरिकेत कंपनीच्या नावावरच्या कृतीला प्रकाशनापासून ९५ वर्षं. म्हणजे १९८० चा पॅक-मॅन तिथे २०७५ संपेपर्यंत बांधलेला. ‘कंपनीने टाकून दिलेला खेळ’ असा वर्ग आपल्या कायद्यात नाही. विकत नाही म्हणून हक्क संपत नाही.

आता तुमच्या कामाचं. कलम ५२(१)(कक), इंग्रजी प्रतीत डबल ए. प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला ती हरवू नये, नष्ट होऊ नये म्हणून बॅकअप काढता येतो. त्याच कलमाचा आणखी एक पोटभाग, एडी, सांगतो की स्वतः कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीवरून वैयक्तिक, बिगरव्यापारी वापरासाठी प्रत काढली तर भंग होत नाही. टोकनराव, तुमची पावती इथे कामाला येते. जपून ठेवा.

एम्युलेटर लिहिणाऱ्यांसाठी त्याच कलमात एबी आणि एसी आहेत: एक प्रोग्रॅम दुसऱ्याशी जुळावा म्हणून लागणारी माहिती काढणं, आणि प्रोग्रॅम कसा चालतो त्याचा अभ्यास करणं. अमेरिकेत हाच मुद्दा सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या २००० च्या निकालात आला. एम्युलेटर बनवताना अभ्यासासाठी केलेली नक्कल तिथल्या अपील न्यायालयाने वाजवी वापर ठरवली.

पण बॅकअप ‘तुमच्यासाठी’ आहे. ड्राइव्हवर टाकून लिंक दिली की ती बॅकअप राहत नाही, ते वितरण झालं. कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड. नफ्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं, गुन्हा मात्र गुन्हाच राहतो. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं स्पष्ट केलंय. पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात. हे हलक्यात घेऊ नका.

---

सोल्डर_स्टेशन

वकीलसाहेबांनी छान उलगडून सांगितलं. मात्र ‘कायदेशीर ताबा’ या शब्दांवर एक अडचण आहे आणि ती इलेक्ट्रॉनिक्सची आहे.

टोकनदादा, तुमचा बोर्ड मूळ आहे का? नव्वदच्या दशकात आपल्याकडे आलेले कितीतरी बोर्ड नकली होते. पार्लरवाल्याला खरा-खोटा काय कळणार, त्याने मुंबईहून जे आलं ते लावलं. मूळ सीपीएस-१ मध्ये (मुस्तफाचा बोर्ड याच कुळातला) एकावर एक बोर्ड रचलेले असतात, ए, बी आणि सी. मुस्तफाच्या पिढीचे तर प्लास्टिकच्या पेटीत येतात. आवाज क्यूसाउंड या तंत्राचा, त्यासाठी वेगळी चिप. रॉमच्या स्टिकरवर छापील अक्षरांत सीडीई असं काहीतरी दिसेल.

नकली असेल तर एकच मोठा उघडा बोर्ड, चिपांची नावं घासून काढलेली, स्टिकर नाहीतच किंवा पेनाने १, २, ३ लिहिलेले. मुस्तफाच्या एका प्रसिद्ध नकली बोर्डात क्यूसाउंडच्या जागी पिक १६सी५७ ही साधी चिप बसवून आवाजाचं काम भागवलेलं आहे. त्यामुळे त्याचा आवाज ऐकूनच कळतं, संगीत लंगडं येतं. गंमत म्हणजे लहानपणी आपल्यापैकी पुष्कळांनी तोच आवाज ऐकलाय आणि तोच खरा वाटतो.

वकीलसाहेब, बोर्ड नकली निघाला तर ती पावती चालेल का?

---

गंगापूररोड_वकील

नाही चालणार. नकली बोर्ड ही मुळातच भंग करणारी प्रत. तिचा ताबा पैसे देऊन मिळाला तरी कायदेशीर प्रतीचा ताबा होत नाही, त्यामुळे बॅकअपची सूटही तिला लागू होत नाही. प्रश्न अगदी नेमका विचारलात.

---

टोकन_रुपया

आताच पाहिलं. मुस्तफा करड्या प्लास्टिकच्या पेटीत आहे, कॅपकॉमचं लेबल आहे, आत स्टिकरवर सीडीई दिसतंय. मूळ आहे. स्ट्रीट फायटरच्या चिपांवर मात्र निळ्या पेनाने आकडे लिहिलेत, तो नकली दिसतोय. तिसऱ्याला कनेक्टरच वेगळा आहे, जाम्मा हार्नेस (बोर्ड कॅबिनेटला जोडायची ठरावीक वायरिंग) बसत नाही.

---

देवळाली_कॅम्प

मी यात नवखी आहे. मुलाच्या वाढदिवसाला मामाने ऑनलाइन मागवलेला हातातला गेम दिला, छोट्या स्क्रीनचा. आत हजारो खेळ भरलेले आहेत आणि त्यात हा मुस्तफाही आहे. आता हे वाचून धास्तावले. तो बेकायदा आहे का? परत करू का?

---

गंगापूररोड_वकील

ताई, घाबरून जाऊ नका. हजारो कंपन्यांचे खेळ इतक्या कमी पैशांत परवाने घेऊन भरलेले असणं शक्य नाही, त्यामुळे आतल्या बहुतेक प्रती बेकायदा आहेत असं धरून चाला. जाणूनबुजून बेकायदा प्रोग्रॅम वापरण्यावर कलम ६३ब आहे. मात्र वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद न देता ५० हजारांपर्यंतच्या दंडावर थांबू शकतं, अशी तरतूद त्याच कलमात आहे. कायद्याचा रोख मुख्यतः तो भरून विकणाऱ्यावर असतो. माझा सल्ला: त्यातलं मेमरी कार्ड काढा आणि कायदेशीर खेळ घालून द्या. यंत्र स्वतः निर्दोष आहे.

---

सोल्डर_स्टेशन

ताई, कायदेशीर फुकट खेळही आहेत. मेमच्या अधिकृत संकेतस्थळावर काही जुने आर्केड खेळ ठेवलेले आहेत, त्यांच्या मालकांनी बिगरव्यापारी वापरासाठी स्वतः परवानगी दिलेली. ग्रिडली, रॉबी रोटो, स्टार फायर, टार्ग, आणि पूर्व जर्मनीत बनलेला पॉली-प्ले. शेवटचा नक्की दाखवा मुलाला, भिंतीपलीकडच्या देशाचं आर्केड यंत्र कसं होतं ते कळेल.

विकत घ्यायचे तर कॅपकॉम आर्केड स्टेडियम आहे, त्यात १९४३ हा विमानांचा खेळ फुकट मिळतो आणि बाकीचे हवे तेवढे घ्यायचे. स्टीमवर मेटल स्लग मिळतो. काँट्राचा आर्केड अवतार कोनामीच्या २०१९ च्या संचात आहे. सेल लागला की बरेच स्वस्त होतात.

---

सिडको_फायटर

हे सगळं मान्य, पण माझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी दिलं नाही. मेटल स्लग मिळतो, स्ट्रीट फायटर मिळतो, तो घेऊ. जो मिळतच नाही त्याचं काय?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने अभ्यास केला. तिथे २०१० पूर्वी निघालेल्या जुन्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात मिळत नाहीत. ८७! तिथल्या ग्रंथालयांनी संशोधकांना दूरून असे खेळ पाहू देण्याची सूट मागितली, ती २०२४ मध्ये नाकारली गेली. म्हणजे सरळ मार्गाने गेलं तरी दार बंद. मग वाटणारेच हा इतिहास वाचवतायत, हे मान्य करा ना.

---

टोकन_रुपया

सिडकोभाऊ, मान्य करतो. आज मुस्तफा कुणाला दिसतो तो अनोळखी लोकांनी बोर्ड वाचून काढले म्हणून. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि तो मी लपवणार नाही.

पण वाचून काढणं आणि वाटणं ही दोन कामं आहेत. पहिल्या कामात कुणाच्या हक्काला हात न लावता बरंच काही करता येतं. मेमच्या सोर्समध्ये प्रत्येक रॉम चिपचं सीआरसी आणि एसएचए-१ नोंदलेलं असतं, म्हणजे त्या फायलीचे ठसे. मी माझी चिप वाचली आणि ठसा जुळला तर त्या चिपमधला एक बिटही ढळलेला नाही हे कळतं. जुळला नाही तर एकतर चिप खराब झालीय किंवा जगाला माहीत नसलेली आवृत्ती हाती लागलीय. ही माहिती, बोर्डाचे फोटो, चिपांच्या जागा, स्टिकरवरचे आकडे, हे सगळं मी इथे उघडपणे टाकणार आहे. त्यात कॅपकॉमचा एक बाइटही नाही.

लिंक टाकली तर काय होतं तेही पाहतोय आपण. आपल्या शहरातच पेनड्राइव्हमध्ये दहा हजार खेळ भरून विकणारे आहेत. त्यांनी एक चिप कधी वाचली नाही, एक बोर्ड कधी वाचवला नाही. आपण फुकट टाकलेली फाइल उद्या त्यांच्या पेनड्राइव्हमध्ये जाते, आणि ज्यांनी रात्री जागून एम्युलेटर लिहिला त्यांना त्यातला रुपया मिळत नाही. मला राग येतो तो याचा. आणि नुकसान त्यांच्यापुरतं राहत नाही. २०१८ मध्ये निन्टेन्डोने रॉमच्या दोन संकेतस्थळांवर दावा लावला, १ कोटी २० लाख डॉलरहून मोठा आकडा लागला, आणि त्याच वर्षी दुसऱ्या एका जुन्या, मोठ्या साइटने आपणहून सगळ्या रॉम उतरवल्या. तिथे वर्षानुवर्षं जमवलेली माहितीपत्रकं आणि चर्चा वाचणारी गर्दीही त्यासोबत पांगली. उघड वाटपामुळे जपणूकही धोक्यात येते, हे माझं म्हणणं आहे.

---

पंचवटीकर

टोकनरावांना +१. एक शंका: कॉलेज रोडला एक मित्र कॅफे काढतोय. कोपऱ्यात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर चालणारं कॅबिनेट ठेवून दहा रुपयांत खेळू द्यायचं म्हणतोय. मूळ बोर्ड लावला तर चालेल का मग?

---

गंगापूररोड_वकील

रास्पबेरी पायमध्ये रॉम भरून पैसे घेणं म्हणजे सरळ ६३ब, आणि धंद्यासाठी असल्यामुळे सवलतही नाही. किमान सात दिवस कैद. मित्राला आजच फोन करा. मूळ, अस्सल बोर्डाची गोष्ट वेगळी, तो पार्लरमध्ये चालवण्यासाठीच विकला गेला होता, तरी करमणुकीच्या जागेचे परवाने स्वतंत्रपणे बघावे लागतील. कागद घेऊन या, बसून पाहू.

---

जुनी_पाटी

मी ग्रंथालयात काम करायचे, आता निवृत्त आहे. खेळांतलं फारसं कळत नाही, पण जपणुकीबद्दल थोडं बोलते.

कलम ५२ मध्ये एक पोटकलम आहे, एन. नफ्यासाठी नसलेल्या सार्वजनिक ग्रंथालयाकडे एखाद्या कृतीची डिजिटल नसलेली प्रत असेल तर जपणुकीसाठी ती इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवता येते. तुमची रॉम मुळातच डिजिटल, त्यामुळे तिला हे दार उघडत नाही. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पुस्तकं होती. हे बदलायला हवं आणि त्यासाठी लिहायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

पण तुमच्याकडे नुसत्या रॉम नाहीत. कॅबिनेटवर चिकटवलेलं खेळाच्या सूचनांचं कार्ड, कंपनीची जाहिरातपत्रकं, पार्लरची दरपाटी, मालकांची हिशेबाची वही, टोकनं. हा सगळा कागद आणि धातू आहे. तो ग्रंथालयाकडे दिला तर या पोटकलमाखाली बसतो. आपल्या नाशकात १८४० पासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, वस्तुसंग्रह जपण्याची सवय तिथे आहे. विचारून तरी पाहू. आणि त्या मालकांशी बोलून घ्या हो, कुणीतरी रेकॉर्ड करा. यंत्र कुठून यायचं, महिन्याला गल्ला किती, परीक्षेच्या दिवसांत पोलीस यायचे का, शाळेचे मास्तर शोधत यायचे का. हे कुठल्याच चिपमध्ये सापडणार नाही.

---

टोकन_रुपया

जुनी_पाटी ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दरपाटी गोदामातच आहे, मालक ती फेकणार होते. उद्याच आणतो. मालकांशी बोलायला तुम्ही स्वतः याल का? ते वयस्कर आहेत, तुमच्याशी जास्त मोकळे बोलतील.

---

सिडको_फायटर

ताईंचं म्हणणं पटलं. मालकांशी बोलायला मीपण येतो, त्यांच्याच दुकानात माझे खाऊचे पैसे गेलेत.

लिंकबद्दल मत बदललेलं नाही, ते नोंदवून ठेवा. मुस्तफा उद्या अधिकृतपणे विकायला आला तर पहिल्या दिवशी घेईन, तोवर ज्याने तो जपून वाटला त्याला मी चोर म्हणणार नाही.

---

सोल्डर_स्टेशन

रविवारी मी प्रोग्रॅमर (चिप वाचायचं यंत्र) घेऊन येतो. आधी काही गोष्टी पाळा. बोर्डाला करंट लावू नका. आधी सप्लाय मीटरने तपासायचा, पाच व्होल्टच्या जागी जास्त आलं तर तीस वर्षं टिकलेला बोर्ड क्षणात जाईल. सॉकेटमधून चिप उपटू नका, मी येईपर्यंत हातही लावू नका. पाय काळे पडलेले असतात, दोन्ही टोकांकडून थोडं थोडं उचलत काढावी लागते, नाहीतर पाय मोडतो. मग आयसोप्रॉपिल अल्कोहोलने पुसायचे, चिप वाचायची, काढून पुन्हा बसवून परत वाचायची. दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली तरच पुढे जायचं. खिडकीवरचं स्टिकर सुटलं असेल तर तोवर काळी टेप लावून ठेवा.

तिसऱ्या बोर्डाच्या कनेक्टरच्या पिना मोजून फोटो टाका. जाम्माचे दोन्ही बाजूंना २८ असतात. जाम्मा १९८५ च्या सुमारास आलं, हा त्याच्या आधीचा निघाला तर मुस्तफापेक्षा मौल्यवान ठरेल.

---

टोकन_रुपया

एका बाजूला २२ आहेत. खालच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव घासलेलं दिसतंय. फोटो टाकतोय.

---

सोल्डर_स्टेशन

दोन्ही बाजूंना २२ म्हणजे जाम्मा नक्की नाही. याचा पिनआउट, म्हणजे कुठली पिन कशाची ते, शोधावा लागेल, मल्टिमीटरने ग्राउंड आणि पाच व्होल्टच्या पट्ट्या धरून मागे जात जात. हा बोर्ड रविवारी सगळ्यात आधी घेऊ. त्यावरच्या चिपा २४ पायांच्या दिसतायत, २७३२ असतील तरी वाचायला पाच व्होल्ट पुरतात, जास्त व्होल्टेज फक्त लिहिताना लागतं.